छडी गेली म्हणून पोट्टे बिघडले? काकाजी, जरा थांबा

निकालाचे दिवस आले की आमच्या गावच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. यंदा तो काकाजींनी टाकला. मेसेज लांबलचक आहे, सार एवढंच: आमच्या वेळी मास्तर फोडून काढत, नापास करत, म्हणून चौथीतलं पोट्टं खाडखाड पेपर वाचायचं. सरकारनं छडी काढली, नापास करणं बंद केलं, पाढे सुटले आणि शिक्षणाचं मातेरं झालं. यावर उपाय म्हणे असे: छडी परत आणा, नापास करा, पाढे घोकून घ्या, वर्गावर्गात डिजिटल बोर्ड लावा आणि ज्याला जमेल त्यानं लेकरू सरळ कॉन्व्हेंटात टाकावं. शेवटी 'पटलं तर पुढे पाठवा' हे आलंच. खाली अंगठ्यांची रांग.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत शिकवते. काकाजींचा नातू माझ्याच वर्गात आहे, म्हणून मान ठेवूनच लिहिते. त्यांना जे दिसतं ते खोटं नाही. चौथीत गेलेलं लेकरू 'पाऊस' या शब्दापाशी अडखळून तुमच्या तोंडाकडे पाहतं, तेव्हा कोणाचंही डोकं फिरेल. माझंही फिरतं. पण मेसेजचा सगळा प्रकार आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असा आहे.

आधी ते 'आमच्या वेळी'. काकाजींची चौथी १९७० च्या आसपासची. १९७१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता होती ३४.४५ टक्के. म्हणजे दर तिघांतल्या दोघांना अक्षर येत नव्हतं. मी काकाजींना फोनवरच विचारलं, तुमच्या पहिलीत किती जण होते? म्हणाले, ओसरी भरून. आणि चौथीत? बोटावर मोजण्याइतके. मधले कुठं गेले? कोणी गुरांमागं, कोणी बैलांमागं, मुली धाकट्यांना सांभाळायला. खाडखाड पेपर वाचणारे मागे उरले ते आज ग्रुपवर आहेत. छडी खाऊन, नापास होऊन दुसरीतच शाळा सोडलेले मेसेज पाठवायला आलेच नाहीत. आज अशी जवळजवळ सगळी लेकरं शाळेत आहेत. ओसरी चौथीपर्यंत भरलेली राहते, आणि म्हणूनच न वाचणारं लेकरू आता आपल्या डोळ्यांना दिसतं. पूर्वीही ते होतं, फक्त रानात होतं.

छडीबद्दल फार लिहीत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं ती बंद केली आहे, विषय तिथंच संपायला हवा. तरी एक सांगते. इथिओपिया, भारत, पेरू आणि व्हिएतनाम या चार देशांत मुलांच्या मागे वर्षानुवर्षे राहून एक अभ्यास झाला. शाळा का आवडत नाही, याचं मुलांनी दिलेलं पहिलं कारण शाळेतली मारहाण आणि शिवीगाळ हे होतं. माझ्या वर्गात मला दिसतं ते याहून साधं आहे. भ्यायलेलं लेकरू चूक करणं सोडत नाही, चूक लपवायला शिकतं. सगळा वर्ग एका सुरात धडा वाचतो तेव्हा नुसते ओठ हलवणं, शेजारच्याची वही पाहून उत्तर उतरवणं, तपासायला वही मागितली की 'घरी राहिली' म्हणणं. ज्या शिक्षकाला लेकराची चूकच दिसत नाही, तो दुरुस्त काय करणार?

आता नापासाचा मुद्दा. इथं मला जरा बसावं लागेल, कारण मेसेजमधला सगळ्यात जास्त अंगठे मिळवणारा हाच आहे.

पहिली गोष्ट, तो शिळा आहे. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाचवीला आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झालं तर पुनर्परीक्षा, त्यातही नाही जमलं तर त्याच वर्गात बसावं लागतं. दुसरी गोष्ट आकड्यांची. 'असर' हे ग्रामीण शिक्षणाचं सर्वेक्षण घरी जाऊन लेकरांच्या हातात एक कागद देतं आणि वाचायला सांगतं. ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी मुलं २००९ मध्ये सुमारे ५३ टक्के होती. नापास न करायला सांगणारा तो शिक्षण हक्क कायदा लागू झाला त्यानंतर, १ एप्रिल २०१० ला. २०१२ मध्ये आकडा ४७ च्या आसपास उतरला, हे खरं आहे आणि मी ते लपवत नाही. कोरोनाच्या खाईतून वर येऊन २०२४ मध्ये तो ४८.८ होता. पण नापास करण्याची मुभा होती तेव्हाही जवळजवळ निम्मी मुलं वाचत नव्हतीच ना? दोष सगळा कायद्याचा असता, तर २००९ चा आकडा ९० च्या घरात दिसायला हवा होता.

तिसरी गोष्ट, नापास केल्यानं काय होतं हे पाहिलं गेलेलं आहे. अमेरिकेतल्या शिकागो शहरानं १९९६ मध्ये नेमकं काकाजींना हवं तेच केलं: तिसरी, सहावी आणि आठवीत परीक्षा, नाही जमलं तर मागे. मग तिथल्या अभ्यासकांनी मागे ठेवलेल्या मुलांची तुलना जेमतेम पुढे गेलेल्या तशाच मुलांशी केली. तिसरीत मागे राहिलेल्यांना फायदा दिसला नाही. सहावीत मागे राहिलेले उलट आणखी मागे पडले. याचं नवल वाटायला नको. जो धडा ज्या पद्धतीनं एकदा समजला नाही, तोच धडा त्याच पद्धतीनं पुन्हा वर्षभर ऐकवला तर काय वेगळं होणार? आमच्याकडे दिवाळीनंतर कापूस वेचणी सुरू झाली की घरचे सगळे रानात, आणि आठ वर्षांची मुलगी धाकट्याला घेऊन घरी. तिची हजेरी दोन महिने फाटते. तिला नापास केलं तर पुढच्या वर्षी वेचणी थांबणार आहे का?

मग वर ढकलत राहायचं? तेही नाही. पास आणि नापास या दोन्ही गोष्टी मार्चनंतरच्या आहेत. शिकणं होतं ते जुलै ते मार्च, आणि तिथं काय केलं तर फरक पडतो हे आता बऱ्यापैकी ठाऊक आहे. मेसेजमध्ये त्याची एकही ओळ नाही.

मुंबई आणि बडोदा इथं २००१ ते २००३ मध्ये 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेनं तिसरी-चौथीतली मागे पडलेली मुलं रोज दोन तास वेगळी काढली आणि वस्तीतल्याच शिकलेल्या मुलींना, बालसखींना, त्यांच्यासोबत बसवलं. पुस्तक चौथीचं नाही. लेकरू अक्षरावर असेल तर अक्षरापासून, शब्दावर असेल तर शब्दापासून. काही शाळा चिठ्ठ्या टाकून निवडल्या, काही तुलनेला ठेवल्या. गुण वाढले, आणि सगळ्यात जास्त वाढले ते तळातल्या मुलांचे. हे मोजणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना पुढं २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

खरा धडा मात्र त्याच्या पुढच्या अपयशात आहे, आणि आमच्या शिक्षण परिषदेत तो कोणी सांगत नाही. बिहार आणि उत्तराखंडमध्ये सरकारी शिक्षकांना या पद्धतीचं प्रशिक्षण दिलं, साहित्य दिलं आणि सोडून दिलं. नुसत्या एवढ्यानं काही हललं नाही. शिक्षक परतले आणि पोर्शन संपवायला लागले. मीही तेच केलं असतं. मग हरियाणात रोजचा एक तास वेगळा काढला. त्या तासाला तिसरी, चौथी, पाचवी हा भेद नाही, वाचनाच्या पातळीप्रमाणे गट. वरून पाहणारे अधिकारीही त्या तासाला येऊन बसायचे. तिथं त्याच सरकारी शिक्षकांच्या हाताखाली मुलांची हिंदी सुधारली. शिक्षक बदलले नाहीत, पगार बदलला नाही, छडी आली नाही. वेळापत्रकातला एक तास बदलला.

आम्ही दोघींनी परिपाठानंतरचा पहिला तास असा काढलाय. सुरुवातीला फार अवघड गेलं. चौथीतला मुलगा पहिलीच्या पोट्ट्यांच्या गोलात बसायला तयार होईना, आणि त्याचं बरोबरच होतं. शेवटी त्याला अक्षरकार्डं वाटायचं काम दिलं. वाटता वाटता तो तीच अक्षरं शिकला आणि त्याला वाटलं तो शिकवतोय. महिन्यानं पुन्हा सगळ्यांना वाचायला लावून गट फिरवतो. गट फिरवला नाही तर तो गट राहत नाही, त्याची जात बनते. अडचणीही आहेतच. त्या तासातच ऑनलाइन माहितीची लिंक येते, 'आत्ताच भरा' म्हणून. त्या दिवशी एकजण दोन्ही खोल्या सांभाळते आणि पद्धत जाते चुलीत.

पाढ्यांच्या बाबतीत मात्र मी काकाजींच्या बाजूची आहे. मुलांना समजलं की झालं, पाठ कशाला, असं मध्यंतरी आम्हाला सांगितलं गेलं आणि काहींनी ते फार मनावर घेतलं. सात आठे छप्पन्न जिभेवर नसेल तर भागाकार करताना लेकराची सगळी ताकद बोटं मोजण्यात जाते, हातचा कुठला ते विसरतं.

पण पाठ होतं कसं, यात मेसेज चुकतो. घोकणं म्हणजे तेच तेच पुन्हा वाचणं किंवा ओरडणं. अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटानं तो चार फेऱ्या वाचला. दुसऱ्यानं एकच फेरी वाचून पुढच्या तीन फेऱ्यांत, समोर काही न ठेवता, आठवेल तसा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे: ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्यानं विचारलं तर वाचणाऱ्यांना आठवलं ४० टक्के आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१. घोकणारं लेकरू घरी खाडखाड म्हणतं आणि शाळेत येऊन गप्प बसतं, त्याचं कारण त्या पाच मिनिटांत आणि आठवड्यात आहे.

दुसरं, एकाच जातीची गणितं ओळीनं देणं. वजाबाकीच्या धड्याखाली सगळी वजाबाकीच. मग लेकरू उदाहरण वाचतच नाही. मोठ्यातून लहान वजा करतं आणि मोकळं होतं. फ्लोरिडातल्या सातवीच्या मुलांना काही गणितं सरमिसळ करून दिली, काही एकाच जातीची. महिनाभरानं परीक्षा घेतली तेव्हा सरमिसळ सराव केलेल्यांत गुण ७४ टक्के आणि एकजातीत ४२. मी आता फळ्यावर आईच्या वेचणीची गणितं देते. सकाळी २३ किलो वेचला, दुपारी १८. दुपारपेक्षा सकाळी किती जास्त, किलोचा भाव धरून पैसे किती, तिघींत वाटले तर एकीला किती. तिन्ही ओळी नीट वाचल्याशिवाय काय करायचं ते कळतच नाही. पोट्टे वैतागतात. वैतागू द्या.

डिजिटल बोर्डाचा मुद्दा मांडताना मेसेजनं शास्त्राचा आधार घेतलाय: माणूस वाचलेलं १० टक्के, ऐकलेलं २० आणि पाहिलेलं ३० टक्के लक्षात ठेवतो म्हणे. हे टक्के लिहिलेला त्रिकोण मी प्रशिक्षणातही पडद्यावर पाहिलाय. एडगर डेल या अमेरिकी प्राध्यापकाच्या नावावर तो खपतो. डेलनं १९४६ मध्ये अनुभवांचा शंकू काढला हे खरं, पण त्यात एकही टक्का नव्हता. टक्के नंतर कोणीतरी चिकटवले, आणि त्यामागचं मूळ संशोधन कोणाला दाखवता आलेलं नाही. इतके गोल आकडे एका ओळीत आले की मला तर आधी शंकाच येते.

बोर्ड नको असं नाही. पेरूच्या ३१९ ग्रामीण शाळांत पाहणी झाली. ज्या शाळांतल्या मुलांना लॅपटॉप वाटले, त्यांच्या भाषेत आणि गणितात फरक पडला नव्हता. उलट दिल्लीत शाळेनंतरच्या केंद्रांवर संगणकानं दोन्ही विषय सुधारले, कारण तो प्रत्येक मुलाला त्याच्या पातळीचा प्रश्न विचारत होता. म्हणजे फिरून तिथंच आलो. आमच्या शाळेत वीज असते तेव्हा मीही मोबाइलवरून गोष्ट ऐकवते. बोर्ड बसला आणि त्यावर चौथीचं पुस्तकच मोठं करून दाखवलं, तर 'पाऊस' न वाचणाऱ्याला तो आता मोठ्या अक्षरात वाचता येणार नाही.

राहिलं कॉन्व्हेंट. केनियात शाळांना पुस्तकं वाटून पाहिली, तेव्हा फायदा झाला फक्त आधीच पुढे असलेल्या मुलांना. पुस्तकं इंग्रजीत होती आणि बहुतेकांची ती तिसरी भाषा होती. आमच्या जिल्ह्यातल्या कोलाम आदिवासींच्या पोडावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, लेकराला मराठीच परकी असते, घरी कोलामी. बंजारा तांड्यावरचं लेकरू गोरमाटी बोलत येतं. त्यांना आधी समजेल अशा बोलीत वाचनाशी गाठ घालून द्यावी लागते, मग मराठी, मग इंग्रजी. इंग्रजी हवीच, पण टाय बांधल्यानं ती येत नाही.

काकाजी, तुमचा नातू सध्या शब्दांच्या गटात आहे. परिच्छेदात जायला त्याला थोडंच उरलंय. मेसेज मी पुढे पाठवला नाही, पण तुमच्यासाठी एक काम आहे. रात्री जेवण झालं की त्याला म्हणा, आज शाळेत काय वाचलं ते पुस्तक मिटून सांग. तो अडेल. तेव्हा लगेच सांगून टाकू नका आणि रागावूही नका, तुमचा विडा लावून होईपर्यंत थांबा. आणि तीन दिवसांनी तेच पुन्हा विचारा.