सतरा टक्के घट, तरीही ग्रहच: एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

टीओआय-६८९४ या लाल बटू (म्हणजे लहान, थंड आणि मंद) ताऱ्याभोवती सापडलेल्या महाकाय ग्रहाविषयीच्या माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. ताऱ्याचा प्रकाश तब्बल १७ टक्क्यांनी घटत असेल, तर त्याच्यासमोरून ग्रह नव्हे, दुसरा तारा जात असला पाहिजे, हा पहिला. त्यासाठी आपण ययाती समूहातल्या अल्गॉलचा, म्हणजे एकमेकांना आलटूनपालटून झाकणाऱ्या ताऱ्यांच्या जोडीचा, दाखला दिला आहे. ‘ग्रहनिर्मितीचा सिद्धान्त कोलमडला’ हे माझे विधान सवंग आहे, हा दुसरा. दुसरा मला बव्हंशी मान्य आहे, म्हणून आधी पहिल्याविषयी लिहितो.

अधिक्रमणात, म्हणजे ग्रह ताऱ्यासमोरून जाताना, प्रकाश किती घटेल, हे मुख्यतः ग्रह आणि तारा यांच्या त्रिज्यांच्या गुणोत्तराच्या वर्गावर ठरते. गुरूची त्रिज्या सूर्याच्या साधारण एक दशांश असल्यामुळे, दुरून पाहणाऱ्याला गुरूच्या अधिक्रमणात सूर्य सुमारे एका टक्क्याने मंद झालेला दिसेल. टीओआय-६८९४ ची त्रिज्या मात्र सूर्याच्या जेमतेम २३ टक्के आहे, त्यामुळे शनीहून थोडासाच मोठा ग्रहही त्याच्या तबकडीचा लक्षणीय भाग झाकून टाकतो. टीओआय-५२०५ हा सूर्याच्या ०.३९ पट वस्तुमानाचा तारा गुरूएवढ्या ग्रहामुळे सुमारे सात टक्क्यांनी मंद होतो, तेही याच कारणाने.

तरीही आपला संशय मी उडवून लावणार नाही, कारण नुसत्या प्रकाशाच्या आलेखावरून तो फिटत नाही. गुरूसारखे ग्रह, तपकिरी बटू (ग्रह आणि तारे यांच्या मधल्या वस्तुमानाचे गोल) आणि सर्वांत लहान तारे यांचे आकार जवळपास सारखेच असतात. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या ईबीएलएम जे०५५५-५७एबी या ताऱ्याची त्रिज्या गुरूच्या ०.८४ पट आहे आणि वस्तुमान सुमारे ८५ पट. आपण ज्याच्याविषयी बोलतो आहोत त्या ग्रहाची त्रिज्या गुरूच्या सुमारे ०.८६ पट. दोघांची सावली सारखीच पडेल! शिवाय अशी घट टिपणाऱ्या टेस या अवकाश दुर्बिणीचा एकेक पिक्सेल आकाशातला २१ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) चौकोन टिपतो, त्यामुळे शेजारच्या ताऱ्यांचा प्रकाशही त्यात मिसळतो, आणि घट नेमक्या कोणत्या ताऱ्यात होते आहे याची खातरजमा जमिनीवरच्या दुर्बिणींनी वेगळी करावी लागते.

म्हणून निर्णय वजनावर होतो. सोबती जितका जड, तितका त्याच्या ओढीने तारा जास्त वेगाने डोलतो. चिलीतील पारानाल येथील आठ मीटर व्यासाच्या दुर्बिणीवरील एस्प्रेसो या वर्णपटमापकाने या अंधूक ताऱ्याचे आपल्या दिशेने आणि उलट दिशेने होणारे डोलणे मोजले गेले. ग्रहाचा भ्रमणकाल ३.३७ दिवस आणि ताऱ्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे ०.२१ पट धरून मी स्वतः गणित केले, तेव्हा डोलण्याचा वेग सेकंदाला साठ-पासष्ट मीटरच्या आसपास आला. ग्रहाच्या जागी वर सांगितलेल्या ताऱ्यासारखा तारा असता, तर हाच वेग सेकंदाला वीस किलोमीटरच्या वर गेला असता. तो कुणाच्याही नजरेतून सुटला नसता. सोबत्याचे वस्तुमान पृथ्वीच्या ५३ पट, म्हणजे शनीच्या निम्म्याहून थोडे अधिक भरते. अल्गॉलची तुलना इथे संपते.

आता माझी चूक. महाकाय ग्रहासाठी आधी पृथ्वीच्या सुमारे दहा पट वस्तुमानाचा घन गाभा तयार व्हावा लागतो आणि मग तो भोवतालचा वायू ओढून घेतो, असे प्रचलित सिद्धान्त सांगतो. लहान ताऱ्याभोवतीच्या, ग्रह जिच्यातून बनतात त्या वायू-धुळीच्या तबकडीत धूळ कमी असते आणि तिथे गाभा वाढण्याचा वेगही मंद असतो; वायू विरून जाण्यापूर्वी तो पुरेसा मोठा होणे अवघड. पण लाफलिन, बोडेनहायमर आणि ॲडम्स या खगोलशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये याच तर्काने असे ग्रह लाल बटूंभोवती विरळ असतील असे म्हटले होते, अशक्य असतील असे नव्हे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, टेसच्या नोंदींतील ९१,३०६ लहान ताऱ्यांच्या शोधात ताऱ्याजवळून फिरणाऱ्या महाकाय ग्रहांचे प्रमाण दर हजारी सुमारे दोन निघाले. याला विरळच म्हणायला हवे. अडचण उरते ती सूर्याच्या एक पंचमांश वस्तुमानाच्या ताऱ्यांपाशी, जिथे गाभ्यापुरता माल कुठून आला हा प्रश्न खराच आहे. तेव्हा ‘कोलमडला’ हा शब्द काढून तिथे ‘ताणला गेला’ असा बदल मी मूळ लेखात केला आहे.