पहाटे तीनचा फोन

इंग्लंडमध्ये तुमचं हृदय थांबलं, तर ते पुन्हा चालू करण्यासाठी छाती दाबायची, म्हणजे सीपीआर करायचा की नाही, हा निर्णय शेवटी डॉक्टरचा असतो. नवऱ्याचा नाही, मुलाचा नाही आणि एका मर्यादेपुढे तुमचाही नाही. सज्ञान माणसानं शुद्धीत असताना ‘मला सीपीआर नको’ असं सांगितलं तर ते पाळावंच लागतं. ‘मला हवाच’ असा हट्ट मात्र कायद्यानं धरता येत नाही. उपयोग होणार नाही असं डॉक्टरचं मत झालं की तो फाइलमध्ये तसा फॉर्म लावतो, आणि त्यावर नातेवाइकांची सही लागत नाही. पुण्याला गेल्यावर हे सांगितलं की समोरचा आधी गप्प होतो आणि मग म्हणतो, “म्हणजे मारूनच टाकतात की!”

मारत नाहीत. पण ही शंका खुळचट नाही, म्हणून तिच्याबद्दल लिहिते आहे.

आधी सीपीआर म्हणजे काय ते. १९६० साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातल्या संशोधकांनी छाती न उघडता बाहेरून दाबून रक्ताभिसरण चालू ठेवता येतं हे दाखवलं. बुडालेला मुलगा, शॉक लागलेला वायरमन, भूल देताना अचानक हृदय थांबलेला रुग्ण, अशांसाठी ते वरदान ठरलं. पुढे ते सगळ्यांनाच लागू झालं, कर्करोगाच्या शेवटच्या आठवड्यात असलेल्या माणसालाही. मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, छाती पाच-सहा सेंटिमीटर खाली जाईल इतक्या जोरानं. म्हाताऱ्या माणसाच्या बरगड्या मोडतात. रुग्णालयात हृदय थांबलेल्यांपैकी पाचात जेमतेम एक घरी परततो, आणि त्यातही मुळातले धडधाकट जास्त. नव्वदीच्या, मूत्रपिंडं निकामी झालेल्या आजीला यातून काही मिळत नाही. मालिकेतला डॉक्टर दोनदा छाती दाबतो आणि पेशंट डोळे उघडतो, त्यावर आपली सगळ्यांची समजूत उभी आहे.

तेव्हा न करण्याचा निर्णय बहुतेक वेळा वैद्यकीयदृष्ट्या सरळ असतो. इंग्लंडचं भांडण त्या निर्णयावर नव्हतंच. तो कुणाला न सांगता घेतला जायचा, यावर होतं.

मी केंब्रिजशायरमध्ये राहते. आमच्या भागातलं मोठं रुग्णालय म्हणजे ॲडनब्रुक्स. फेब्रुवारी २०११ मध्ये जॅनेट ट्रेसी नावाच्या ६३ वर्षांच्या बाई तिथे दाखल झाल्या. स्वतः वृद्धाश्रम चालवणाऱ्या. फुप्फुसाच्या कर्करोगाचं निदान नुकतंच झालेलं, आणि त्यात मोटारीच्या अपघातात मान मोडली. त्यांच्या फाइलमध्ये ‘हृदय थांबल्यास प्रयत्न करू नये’ असा फॉर्म लागला. त्यांना विचारलं नव्हतं. मुलीला कळलं तेव्हा ती खवळली, फॉर्म रद्द झाला. पुढे प्रकृती ढासळल्यावर घरच्यांशी बोलून दुसरा लावला, आणि ७ मार्च २०११ ला त्या गेल्या. नवऱ्यानं कोर्टात दाद मागितली. जून २०१४ मध्ये अपील न्यायालयानं पहिला फॉर्म बेकायदा ठरवला. निर्णय वैद्यकीयदृष्ट्या चुकला म्हणून नव्हे, तर तो त्यांना न विचारता-सांगता घेतला म्हणून. ऐकून रुग्णाला वाईट वाटेल, एवढं कारण न सांगायला पुरेसं नाही, असं न्यायाधीशांनी स्पष्ट लिहिलं. शारीरिक किंवा मानसिक इजाच होणार असेल तर गोष्ट वेगळी.

पुढच्याच वर्षी संडरलंडचा निकाल आला. २८ वर्षांचा मुलगा, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, छातीत जंतुसंसर्ग. पहाटे तीनच्या सुमारास डॉक्टरनं फॉर्म लावला आणि घरच्यांशी सकाळी बोलावं असं नोंदवलं. सगळं आईच बघायची त्याचं. उच्च न्यायालय म्हणालं, पहाटे तीनला फोन करणं गैरसोयीचं असेल, पण ते अशक्य नव्हतं.

हे वाक्य मला त्या दोन्ही निकालांतलं सगळ्यात मोलाचं वाटतं. डॉक्टरचा अधिकार त्यानं काढून घेतला नाही. फक्त सांगितलं की अधिकार वापरायचा तर आधी फोन उचला.

लगेच सगळं सुधारलं असं मात्र नाही. कोविडच्या पहिल्या लाटेत काही वृद्धाश्रमांत आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या निवासांत सरसकट फॉर्म लावल्याच्या तक्रारी आल्या. आरोग्यसेवांवर देखरेख ठेवणाऱ्या केअर क्वालिटी कमिशननं मार्च २०२१ मध्ये अहवाल दिला. रुग्णाशी वा घरच्यांशी न बोलता लागलेले पाचशेहून अधिक फॉर्म वृद्धाश्रमांनी आणि काळजीसेवा देणाऱ्यांनीच त्यांना कळवले होते. म्हणजे ट्रेसीबाईंचा निकाल येऊन सात वर्षं होत आली तरी. पण ‘हे बेकायदा आहे’ असं म्हणायला हातात काहीतरी होतं, आणि लोकांनी ते म्हटलं.

आता घरचं बघू. ट्रेसीबाई गेल्या त्याच दिवशी, ७ मार्च २०११ ला, दिल्लीत सर्वोच्च न्यायालयानं अरुणा शानबाग यांच्या खटल्याचा निकाल दिला. केईएममधल्या परिचारिका, नोव्हेंबर १९७३ पासून अंथरुणाला खिळलेल्या. त्यांचं अन्न थांबवू द्यावं ही मागणी फेटाळली गेली, पण तशी परवानगी उच्च न्यायालयाकडून मिळू शकते हे तत्त्व मान्य झालं. केईएमच्या परिचारिकांनी त्यांना मे २०१५ मध्ये त्या जाईपर्यंत सांभाळलं. आपल्याकडची चर्चा तेव्हापासून त्या एका खाटेभोवती फिरते आहे: वर्षानुवर्षं बेशुद्ध माणूस, नळी, न्यायालय. ९ मार्च २०१८ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं सन्मानानं मरण्याचा हक्क मान्य केला आणि आगाऊ वैद्यकीय निर्देशाला, म्हणजे लिव्हिंग विलला, मान्यता दिली. तेव्हा त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची, आणि ती आणायला कोण जाणार? जानेवारी २०२३ मध्ये अटी शिथिल झाल्या. आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतो. उपचार थांबवायचे तर रुग्णालयात डॉक्टरांचं एक मंडळ, त्यावर दुसरं मंडळ, प्रत्येकानं शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं आणि अंमलबजावणीआधी दंडाधिकाऱ्याला कळवायचं.

या निर्देशाची प्रत सांभाळायला महापालिकेनं, पंचायतीनं अधिकारी नेमायचा असंही न्यायालयाच्या त्या आराखड्यात आहे. महाराष्ट्रात ते नेमले जावेत म्हणून मुंबईच्या डॉ. निखिल दातार यांना उच्च न्यायालयात जावं लागलं. त्यानंतर राज्यभरात चारशेहून अधिक अधिकारी नेमल्याचं सरकारनं सांगितलं. गोव्यात तर २०२५ च्या मेअखेरीस खुद्द उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी आपला निर्देश नोंदवला. न्यायाधीशानं स्वतः रांगेत पहिलं उभं राहावं, हे मला फार आवडलं.

तरी रात्री दोनला आयसीयूत हृदय थांबतं तेव्हा वॉर्ड ऑफिसच्या कपाटातली प्रत कुणाच्या हातात नसते. आणि ज्यानं काहीच लिहून ठेवलेलं नाही, म्हणजे जवळजवळ प्रत्येक जण, त्याचं काय? न्यायालयाचा आराखडा त्यालाही धरून आहे, पण तो मंडळांच्या गतीनं चालतो. हृदय थांबल्यावर हातात चार मिनिटं असतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं २०२० मध्ये नेमक्या याच प्रश्नावर, सीपीआर न करण्याच्या निर्णयावर, मार्गदर्शक तत्त्वं काढली. फॉर्मसुद्धा दिला आहे आणि रुग्णाशी, घरच्यांशी बोलणं त्याच्या केंद्रस्थानी आहे. पण ती तत्त्वं आहेत, कायदा नव्हे. केंद्रीय आरोग्य खात्यानं सप्टेंबर २०२४ मध्ये जीवरक्षक उपचार थांबवण्याबद्दल मसुदा काढला, तर इंडियन मेडिकल असोसिएशनच्या अध्यक्षांनीच हरकत घेतली: डॉक्टर कायद्याच्या कचाट्यात सापडतील. इकडच्या वर्तमानपत्रात हे वाचलं असतं तर मी हसले असते. सांगलीतला माझा आतेभाऊ आयसीयूत काम करतो, त्याच्याशी बोलल्यावर हसू येत नाही.

तो सांगतो, “ताई, पेशंट जाणार हे आम्हाला सकाळीच कळलेलं असतं. पण लिहू कुठे? लिहिलं तर उद्या कुणीतरी पुतण्या येऊन म्हणणार, डॉक्टरनं उपचारच केले नाहीत.” मग काय होतं? हृदय थांबतं, नातेवाईक काचेतून बघत असतात, आणि एखादा रेसिडेंट डॉक्टर दहा मिनिटं छाती दाबतो. सगळ्यांना माहीत असतं की ते दाखवण्यापुरतं आहे. मग बाहेर येऊन ‘आम्ही सगळे प्रयत्न केले’. हृदय थांबायच्या आधीच पैसे संपले तर दुसरा रस्ता असतो, डामा. वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेत आहोत, अशा कागदावर मुलगा सही करतो. सल्ला बहुतेक वेळा डॉक्टरनंच हळू आवाजात दिलेला असतो: “घरी न्या, सेवा करा.” कागदावर मात्र दोष मुलाचा. महाराष्ट्रात डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध २०१० पासून स्वतंत्र कायदा आहे, यावरूनच कॉरिडॉरमधली हवा कळावी.

म्हणजे उपचार न करण्याचा निर्णय आपल्याकडेही रोज होतो. फक्त तो कागदावर नसतो, आणि बऱ्याचदा तो घेणारी गोष्ट बिल असते.

दोन देशांत संशयाची दिशा नेमकी उलटी आहे. इंग्लंडमध्ये रुग्णाला पैसे पडत नाहीत, म्हणून लोकांना वाटतं की खाट मोकळी करायला, खर्च वाचवायला फॉर्म लावला. आपल्याकडे खाजगी आयसीयूत दिवसाला हजारो रुपये जातात, म्हणून वाटतं की गेलेल्याला व्हेंटिलेटरवर ठेवून बिल वाढवलं. यंत्र तेच. एका देशात ते लवकर काढलं म्हणून राग, दुसऱ्यात उशिरा काढलं म्हणून. म्हणून इथला कायदा उचलून तिकडे ठेवा, असं जेव्हा लंडनचे आमचे मित्र जेवणानंतर सांगतात तेव्हा मला पटत नाही. ज्या व्यवस्थेत डॉक्टरला खाटेमागे फायदाही नाही आणि तोटाही नाही, तिथे अंतिम निर्णय त्याच्या हाती देणं मला चालतं. जिथे कॉर्पोरेट रुग्णालयात त्याच्यावर महिन्याच्या उत्पन्नाचा दबाव असू शकतो, तिथे नाही.

आणि परदेशस्थांबद्दल एक सांगायलाच हवं. अमेरिकी डॉक्टरांत ‘कॅलिफोर्नियाची मुलगी’ असा एक प्रकार प्रसिद्ध आहे: वर्षभर न फिरकलेली, शेवटच्या दिवशी विमानातून उतरून ‘सगळं करा’ म्हणणारी. आपल्याकडे ती न्यू जर्सीची, सिडनीची, रेडिंगची असते. दादा-वहिनींनी तीन महिने डायपर बदललेले असतात, आईनं ‘आता नळ्या पुरे’ असं त्यांना सांगितलेलंही असतं. मग व्हिडिओ कॉलवर धाकटा येतो आणि ‘पैशाची काळजी करू नका’ म्हणतो. झालं! आता नको म्हणणारा दादा कंजूष ठरतो. विमान पोचेपर्यंत व्हेंटिलेटर ठेवा, ही विनंती माझ्या आतेभावानं इतक्या वेळा ऐकली आहे की तो आता विचारतो, “तिकीट बुक झालंय का?” आईची इच्छा काय होती, हे त्या कॉलवर कुणी विचारत नाही.

कारण आईला सांगितलेलंच नसतं. ‘डॉक्टरसाहेब, तिला कळू देऊ नका.’ ट्रेसी निकालाचा आपल्याशी खरा संबंध इथे आहे. इंग्लंडमध्ये डॉक्टर रुग्णापासून लपवत होते. आपल्याकडे मुलंच लपवतात आणि डॉक्टर साथ देतात. हे माया म्हणून होतं, मान्य. पण विनोबांचं आठवा. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला हृदयविकाराच्या झटक्यानंतर त्यांनी औषध, अन्न, पाणी सोडलं. पंतप्रधान येऊन भेटून गेल्या, तरी ते बदलले नाहीत. लोकांनी हात जोडले. संताचा नकार आपल्याला कळतो. मग वाईच्या किंवा मालवणच्या एखाद्या आजीलाही आपल्या छातीबद्दल बोलायचं असेल, हे का सुचत नाही? माझा अनुभव असा की बायकांना ते बहुधा बोलायचं असतंच. ‘घरीच जाऊ दे मला’ हे वाक्य मी दोन्ही आज्यांकडून ऐकलं आहे, आणि दोन्ही वेळा कुणीतरी ‘असं अभद्र बोलू नये’ म्हणून विषय बदलला.

इकडे इंग्लंडमध्ये अनेक घरांत फ्रिजमध्ये हिरव्या क्रॉसची छोटी प्लास्टिकची बाटली सापडते. लायन्स क्लबवाले वाटतात. आत औषधांची यादी, आजार, आणि कुठे असला तर सीपीआरच्या फॉर्मबद्दलची चिठ्ठी. ती असेल तर ॲम्ब्युलन्सवाले फ्रिज उघडून बघतात. माझ्या शेजारच्या आजोबांनी ती मला कौतुकानं दाखवली, लोणच्याच्या बरणीशेजारी ठेवलेली. डॉक्टर स्वतः घरी येऊन तासभर बोलले, असं ते म्हणाले. त्यांच्या तक्रारी वेगळ्या होत्या: तीन आठवडे अपॉइंटमेंट मिळाली नाही, वगैरे. त्या तासाबद्दल तक्रार नव्हती.

तेव्हा माझं म्हणणं दोन भागांत आहे आणि ते एकाच वेळी अमलात यायला हवं असं नाही. संशोधन परिषदेच्या २०२० च्या तत्त्वांना कायद्याचं बळ द्या, म्हणजे प्रामाणिकपणे बोलून, नोंद करून छाती न दाबणाऱ्या डॉक्टरला कोर्टाची भीती राहणार नाही. पण अंतिम शब्द एकट्या डॉक्टरचा, हा इंग्रजी भाग आज नको. रुग्णालयाचं बिल आणि डॉक्टरचं मत यांच्यात भिंत उभी राहीपर्यंत रुग्णाचा किंवा घरच्यांचा होकार लागावाच. त्याला वर्षं लागतील. सांगण्याचं बंधन मात्र लगेच घालता येईल. फॉर्मवर एक रकाना: रुग्णाशी कोण बोललं, कधी बोललं, आणि बोललं नसेल तर का नाही. ‘घरच्यांनी नको म्हटलं’ हे उत्तर त्यात चालू नये. आतेभावाला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, “आयसीयूत तीस पेशंट आणि रात्री आम्ही दोघं. तास कुठून आणू?” याचं उत्तर माझ्याकडे नाही, ते आरोग्यमंत्र्यांनी द्यायचं आहे. पण रात्री ते दोघं तीसपैकी ज्याची छाती दाखवण्यापुरती दाबतात, ती दहा मिनिटं तरी त्यांच्याकडे आहेत.