‘तुम्हाला भावना कळत नाही’ या प्रतिक्रियेला उत्तर

इंदिरानगरच्या वाचकमित्रांना,

‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेतला डॉक्टर मरायला टेकला की त्याचा कायापालट होतो, चेहरा बदलतो आणि नवा नट येतो. या मालिकेत मुख्य नट जाताना त्याला निरोप कसा द्यावा, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. बाकीच्या वाचकांसाठी ती थोडक्यात सांगतो. डेव्हिड टेनंटच्या निरोपाला मी ‘लांबलेला’ म्हटलं, ते तुम्हाला खटकलं. टॉम बेकरला मी तीन ओळींत उरकलं, ही दुसरी तक्रार. मराठी मालिकांत एक पाटी दाखवून नट बदलतात आणि कुणाचं काही अडत नाही, हा तिसरा मुद्दा. २०२५ च्या निरोपावर मी गप्प का, हा चौथा. आणि मग हे वाक्य: ‘तुम्हाला फक्त विग आणि कॅमेरा दिसतो, निरोपातली भावना तुम्हाला कळत नाही.’

मतभेदाचं मला वावडं नाही. पण हे वाक्य लेखाबद्दल नाही, ते माझ्याबद्दल आहे. ज्या माणसाला तुम्ही ओळखत नाही त्याला काय कळतं आणि काय कळत नाही, हे इतक्या सहज कसं ठरवता? राज्य नाट्य स्पर्धेच्या नाशिक केंद्रावर रंगभूषा आणि प्रकाश सांभाळण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. कालिदास कलामंदिरातला प्रेक्षक कुठे गलबलतो आणि कुठे चुळबुळतो, हे मी विंगेतून बघत आलो आहे. त्यामुळे ‘विग’ हा शब्द हिणवायला वापरलात, ते मला लागलं. विग फसला की भावना उभीच राहत नाही, आणि याचा धडधडीत पुरावा याच मालिकेत आहे.

१९८६ मध्ये बीबीसीने कॉलिन बेकरला, म्हणजे सहाव्या डॉक्टरला, काढलं. जाता जाता एक कथा करून कायापालट चित्रित करून दे, असं त्याला सांगितलं गेलं. त्याने नकार दिला, आणि अपमान झालेल्या नटाने तो द्यावा यात गैर काही नाही. मग ७ सप्टेंबर १९८७ ला ‘टाइम अँड द रानी’ सुरू झाली तेव्हा नव्या नटाला, सिल्व्हेस्टर मॅकॉयला, जुन्या डॉक्टरचा रंगीबेरंगी कोट चढवला, कुरळा सोनेरी विग घातला आणि जमिनीवर पालथं झोपवलं. उताणा करताना चेहरा उजेडात धूसर केला आणि त्या उजेडातून मॅकॉय बाहेर आला. दोघांचा बांधा वेगळा, उंची वेगळी. पाहणाऱ्याचं सगळं लक्ष विगकडे गेलं. सहावा डॉक्टर गेला आणि त्याच्यासाठी कुणाला हळहळायला जागाच मिळाली नाही. त्या क्षणी भावना का नाही, याचं उत्तर जाणारा नटच तिथे नव्हता, हेच आहे. हे तंत्राचं बोलणं वाटत असेल तर वाटो.

उलट १९६६ पाहा. पहिल्या डॉक्टरची, विल्यम हार्टनेलची, तब्येत इतकी ढासळली होती की ‘द टेन्थ प्लॅनेट’च्या तिसऱ्या भागात तो नाहीच, त्याची वाक्यं इतरांना वाटून दिली. २९ ऑक्टोबरला चौथा भाग दाखवला गेला. म्हातारा डॉक्टर टार्डिसमध्ये, म्हणजे त्याच्या कालयानात, कोसळतो, चेहरा प्रकाशात विरतो, दुसरा उमटतो. मिक्सिंग टेबलावर शर्ली कॉवर्ड होत्या. टेबलातल्या एका दोषामुळे चित्र पांढरं फटफटत होतं, तोच दोष वापरून त्यांनी दोन चेहरे एकमेकांत मिसळले. चौथ्या भागाची फिल्म आज उपलब्ध नाही. हा तुकडा ‘ब्लू पीटर’ या मुलांच्या कार्यक्रमात वापरला गेला होता, म्हणून वाचला. आणि खरं काम त्यापुढचं. सातच दिवसांत, ५ नोव्हेंबरला, पॅट्रिक ट्रॉटनची पहिली कथा सुरू केली. त्यात बेन आणि पॉली हे जुनेच सोबती ठेवले, टार्डिस तीच ठेवली आणि शत्रू म्हणून सगळ्यांच्या ओळखीचे डालेक आणले. एवढा मोठा बदल पचवायचा तर बाकी काही हलवू नये, हे त्या लोकांना कळलं होतं. प्रेक्षकांची काळजी म्हणतात ती हीच ना?

आता टेनंट. तुम्ही लिहिता, ‘लोकांना रडायला वीस मिनिटं दिली तर तुमचं काय जातं?’ माझं काही जात नाही, कथेचं जातं.

मूळ लेखात मी ‘द केव्ह्ज ऑफ अँड्रोझानी’शी तुलना का केली होती, ते तुम्ही वाचलेलं दिसत नाही, म्हणून पुन्हा मांडतो. ही पीटर डेव्हिसनची शेवटची कथा. लेखक रॉबर्ट होम्स, दिग्दर्शक ग्रॅमी हार्पर, चार भाग, शेवटचा १६ मार्च १९८४ ला. पहिल्याच भागात डॉक्टर आणि त्याची सोबतीण पेरी यांचा हात कच्च्या स्पेक्ट्रॉक्स या विषारी पदार्थाला लागतो. अंगावर पुरळ येतं, मग पेटके, मग हातपाय लुळे पडत जातात. म्हणजे मरणाची मोजणी पहिल्या भागातच सुरू झालेली असते आणि प्रत्येक प्रसंगात तो आणखी खचलेला दिसतो. उतारा एकच, राणी वटवाघळाचं दूध. शेवटी ते एकाच माणसाला पुरेल इतकं उरतं आणि तो ते पेरीला पाजतो. पेरी त्याच्या सोबत आली तीच आधीच्या कथेत, ओळख जेमतेम झालेली. अशा मुलीसाठी तो मरतो. निरोपाचं भाषण नाही, गाठीभेटी नाहीत. २००९ मध्ये ‘डॉक्टर हू मॅगझिन’च्या वाचकांनी तोवरच्या सगळ्या कथांमधून हीच पहिली निवडली. त्यांनाही भावना कळत नव्हती का?

टेनंटच्या शेवटच्या कथेत, ‘द एंड ऑफ टाइम’मध्ये, उलटं घडतं. विल्फ्रेड हा म्हातारा मित्र काचेच्या कोठडीत अडकतो, मरणाची खूण म्हणून आधीच सांगितलेल्या चार टकटक ऐकू येतात, डॉक्टर आत जाऊन सगळा किरणोत्सर्ग अंगावर घेतो. हा प्रसंग उत्तम आहे, आणि इथे तुमचं म्हणणं मला मान्य: टेनंट आणि विल्फ्रेड झालेले बर्नार्ड क्रिबिन्स यांनी जे केलं ते या मालिकेतल्या सर्वोत्तम कामांत बसतं. पण नंतर? प्राणघातक मात्रा घेतलेला माणूस उठतो आणि मार्था-मिकी, सारा जेन, कॅप्टन जॅक, डोनाचं लग्न, रोझ अशी जुन्या सोबत्यांची घरं घेत फिरतो. कोठडीचं दार उघडल्यापासून घड्याळ लावून पाहा. कारण आणि मरण यांच्यामधला धागा तुटतो. ‘मला जायचं नाही’ हे शेवटचं वाक्य येतं तेव्हा ते डॉक्टरचं राहत नाही, जाणाऱ्या नटाचं होतं.

आणि रडायला वेळ म्हणाल, तर टेनंटने जाण्याची घोषणा २९ ऑक्टोबर २००८ ला केली होती. शेवटचा भाग १ जानेवारी २०१० चा. मधे चौदा महिने. चार टकटकींचं भाकीत २००९ च्या एप्रिलमध्येच ऐकवलं होतं. इतका वेळ मिळालेल्या प्रेक्षकाला आणखी मिनिटं कशाला हवीत? टेनंटच्या आधीच्या डॉक्टरच्या, क्रिस्टोफर एकल्स्टनच्या, वेळी २६ मार्च २००५ ला पहिला भाग लागला आणि तो जाणार ही बातमी काही दिवसांतच फुटली. तरी १८ जूनचा निरोप किती नेटका आहे! रोझने डोक्यात घेतलेला टार्डिसमधला जीवघेणा काळाचा प्रवाह तो स्वतःत ओढून घेतो, दोन गोष्टी बोलतो, आणि संपतो. कारण आणि परिणाम शेजारी शेजारी.

टॉम बेकरबद्दल: तीन ओळी पुरेशा होत्या. सात हंगाम केले म्हणून निरोपाला जास्त जागा द्यावी, असा हिशेब मला मान्य नाही. त्याच्या शेवटच्या ‘लोगोपोलिस’मध्ये एक पांढरा पहारेकरी दुरून दिसत राहतो, तोच मरणाची सूचना देतो, पुढे डॉक्टर रेडिओ दुर्बिणीवरून पडतो. आणखी काय लिहायचं?

पाटीचा मुद्दा मात्र सोडत नाही, कारण तो नाशिककराने मांडावा याचं वाईट वाटलं. आपल्या शिरवाडकरांच्या नाटकातला गणपतराव बेलवलकर १९७० मध्ये डॉ. श्रीराम लागूंनी उभा केला, पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी यांनी केला. तिथे खुलासा लागत नाही, कारण नाटकाचा प्रत्येक प्रयोग पहिल्यापासून सुरू होतो. मालिकेचं आयुष्य सलग असतं. काल ज्याच्यावर जीव लावला तो आज दुसऱ्याच तोंडाने बोलू लागला, तर कथेने त्याचं उत्तर द्यायला हवं. पाटीने काम भागतं, हे मान्य करायचं म्हणजे प्रेक्षक काहीही चालवून घेतो असं म्हणायचं.

राहिलं २०२५. ३१ मेच्या भागात शूटी गॅटवाचा डॉक्टर गेला आणि त्याच्या जागी बिली पायपरचा, पूर्वी रोझ झालेल्या नटीचा, चेहरा दिसला. श्रेयनामावलीत तिचं नाव आलं, पण ती डॉक्टर आहे असं तिथे लिहिलं नाही. ज्याच्या हाती सोपवायचं तोच स्पष्ट नसेल, तर मी तोलायचं कशाशी? पुढची कथा येऊ द्या, मग लिहीन. तोवर ‘अँड्रोझानी’चे चारही भाग सलग पाहा, दोन तासांहून कमी वेळ लागतो, आणि पुन्हा लिहा. लेखावर लिहा, एवढीच विनंती आहे.