पायाच्या मुंग्या आणि कढत पाण्याचा मेसेज

पेठेतल्या, तालमीच्या आणि पाहुण्यांच्या ग्रुपवर सध्या एकच मेसेज फिरतोय: पायाला मुंग्या, जळजळ, टाचदुखी या सगळ्याचं कारण एकच, रक्त पोचत नाही. रोज रात्री कढत मिठाच्या पाण्यात पाय बुडवा, सकाळी अनवाणी चाला, बी-१२ची गोळी चालू ठेवा. तपासण्या म्हणजे लुटालूट.

पहिलं म्हणजे, कारण एकच नाही. रक्त कमी पोचण्याची खूण वेगळी असते. रंकाळ्याभोवती चालताना पोटरी भरून येते, थांबलं की काही मिनिटांत उतरते, चाललं की परत तेच. तंबाखू ओढणाऱ्यांना आणि मधुमेहींना हे जास्त होतं. सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिल्याच पावलाला टाचेत कळ येते, ते बहुधा तळव्याच्या जाड पट्ट्याचं दुखणं. त्याला पोटरीचे ताण आणि मऊ पादत्राण लागतं, आणि सवड द्यावी लागते. कमरेपासून एकाच पायात कळ उतरत असेल तर मणक्यात नस दबल्याची शंका घ्यावी.

दोन्ही पायांच्या बोटांपासून मुंग्या सुरू होऊन मोज्यासारख्या वर चढतात, रात्री तळवे पेटतात, तो प्रकार मज्जातंतूंचा. सगळ्यात लांब तंतू पायाचे, म्हणून आधी तेच बिघडतात. मधुमेह हे मोठं कारण. शिवाय दारू, थायरॉइड, बी-१२ची कमतरता, टीबीवरची आयसोनियाझिड गोळी आणि कुष्ठरोगसुद्धा.

आता कढत पाणी. मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला हाच. मज्जातंतू बिघडले की आधी मुंग्या येतात, मग संवेदनाच जाते. अशा पायाला चटका कळत नाही. सकाळी फोड दिसतो, मधुमेहात तो चिघळतो आणि काही वेळा बोट किंवा पाय कापायची पाळी येते. शेकायची पिशवीही तितकीच वाईट. पाय कोमट पाण्यानंच धुवा, पाण्याचा अंदाज कोपरानं किंवा घरच्या दुसऱ्या माणसाकडून घ्या, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. मीठ घालून रोज भिजवलं तर कातडी सुकते आणि भेगा पडतात.

अनवाणी चालण्याचंही तेच. जोतिबाच्या डोंगरावर नवस म्हणून अनवाणी जाणाऱ्यांच्या श्रद्धेबद्दल मी बोलणार नाही, पण बधिर पायाला दुपारची तापलेली फरशी आणि खडा दोन्ही कळत नाहीत. कुणीतरी पुढे जोडलंय, 'कोल्हापुरी घाला, आपोआप अक्युप्रेशर'. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, अभिमान आहेच. पण नवी कोल्हापुरी चावते हे आपल्याला कुणी सांगायला नको. धडधाकट पायानं खुशाल करकरत फिरावं. बधिर पायाला पुढून बंद, रुंद, मऊ बूटच बरा, आणि तोही आत हात घालून, तपासून.

बी-१२बद्दल दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत. 'आम्ही मटण खातो, आम्हाला कशाला कमी पडेल?' असं तांबडा-पांढरा ओरपणारा कोल्हापूरकर हमखास म्हणतो. मधुमेहावरची मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या की बी-१२ नीट शोषलं जात नाही, ताटात काहीही असो. काहींच्या पोटातच ते शोषायची सोय नसते. शाकाहाऱ्यांत तर कमतरता नेहमीचीच. उलट, न तपासता 'नसांची गोळी' गिळत राहण्यातही धोका आहे. अशा पुष्कळ गोळ्यांत बी-६ असतं आणि ते जास्त मात्रेत फार दिवस घेतलं तर त्यानंच मुंग्या येतात! नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं तर रक्त सुधारलेलं दिसतं, मज्जातंतू मात्र आतून बिघडत राहतात.

लुटालूट म्हणाल तर सुरुवातीच्या तपासण्या साध्या आहेत: साखर, साखरेची तीन महिन्यांची सरासरी, बी-१२, थायरॉइड, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन. सीपीआरमध्ये, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात जा, नाहीतर घरच्या डॉक्टरांकडे, पण मोजे काढून पाय दाखवा. १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून आणि कंपनकाटा (ट्यूनिंग फोर्क) लावून संवेदना तपासता येते. जळजळीवर प्रीगॅबालिन, ड्युलॉक्सेटिन अशा गोळ्या डॉक्टर देतात. त्या दुखणं कमी करतात, तंतू दुरुस्त करत नाहीत. पुढचं नुकसान रोखायला साखरच ताब्यात ठेवावी लागते.

मात्र एका बाजूचे हात-पाय अचानक बधिर झाले, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं, काही दिवसांतच पायातली ताकद जाऊन अशक्तपणा वर चढू लागला, किंवा जांघेत बधिरपणा येऊन लघवी अडली, तर ओपीडीची वाट न बघता थेट तातडीच्या विभागात न्यायचं.