खासगी गाईड, ट्रोम्सोचे ढग आणि पैशांचा प्रश्न : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

नॉर्वेतल्या ट्रोम्सोहून खासगी गाईडसोबत नॉर्दर्न लाइट्स, म्हणजे रात्रीच्या आकाशातला ऑरोरा हा ध्रुवीय प्रकाश, पाहायला जाण्याविषयी मी लिहिले होते, त्यावरची आपली सविस्तर प्रतिक्रिया लक्षपूर्वक वाचली. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत. ऑरोरा आकाशात फुकट दिसतो, तेव्हा त्यासाठी हजारो क्रोनर मोजायला सांगणे म्हणजे श्रीमंतांच्या हौसेला विज्ञानाचा मुलामा देणे आहे. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ सांगणारा केपी निर्देशांक दाखवणारे ॲप प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये असताना गाईडला आपल्यापेक्षा जास्त काही कळत नाही. पन्नास जणांची बस आणि खासगी गाडी शेवटी एकाच आकाशाखाली उभ्या राहतात. आणि एवढे करूनही डोळ्यांना पांढुरका धूरच दिसतो, हिरवा रंग कॅमेऱ्याने तयार केलेला असतो. त्यापुढे आपण लिहिले आहे की येत्या फेब्रुवारीत वयस्कर आईवडिलांना घेऊन आपण तीन रात्रींसाठी ट्रोम्सोला जाणार आहात आणि भाड्याची गाडी स्वतः चालवून ऑरोरा शोधणार आहात. खरे सांगायचे तर हे शेवटचे वाक्य नसते, तर मी चार ओळींत उत्तर दिले असते.

ऑरोरा फुकट आहे, याबद्दल वाद नाही. गाईडला दिलेल्या पैशांत ऑरोरा मिळत नाही, मिळू शकत नाही, आणि ‘दिसेलच’ अशी हमी जो देतो त्याच्याकडे जाऊ नये हे मूळ लेखातही मी स्पष्टपणे लिहिले होते. मग पैसे कशाचे? माझ्या मते ते दोन निर्णयांचे असतात : आज रात्री कुठे उभे राहायचे आणि तिथे किती वेळ थांबायचे. आर्क्टिक वर्तुळाच्या उत्तरेला हिवाळ्यात हे दोन निर्णय दिसतात तेवढे सोपे नाहीत. आपल्या पहिल्या तीनही आक्षेपांचे उत्तर त्यांतच आहे.

आधी केपीविषयी. हा निर्देशांक संपूर्ण पृथ्वीसाठी, तीन तासांच्या कालावधीसाठी, शून्य ते नऊ या मोजपट्टीवर काढला जातो, आणि त्यासाठी वापरली जाणारी 13 चुंबकीय वेधकेंद्रे ट्रोम्सोच्या बरीच दक्षिणेला, मध्यम अक्षांशांवर आहेत. ट्रोम्सो जवळपास 70 अंश उत्तरेला, म्हणजे ध्रुवाभोवतीच्या ज्या पट्ट्यात ऑरोरा सर्वाधिक दिसतो त्याच्या थेट खाली येते. तिथे केपी एक किंवा दोन असतानाही सुंदर ऑरोरा दिसतो, आणि केपी फार वाढला तर पट्टाच दक्षिणेकडे सरकतो. म्हणून ‘आज केपी एक आहे, बाहेर पडण्यात अर्थ नाही’ असे ठरवून हॉटेलमध्ये झोपी जाणारे पर्यटक अनेकदा चांगल्या रात्री गमावतात. ॲपमधला तो एक आकडा उत्तर जर्मनीतल्या किंवा स्कॉटलंडमधल्या माणसाला उपयोगी आहे. ट्रोम्सोतल्या माणसाला त्याचा उपयोग बेताचाच.

जाणकार गाईड वेगळ्या गोष्टी पाहतात. पृथ्वीपासून सुमारे 15 लाख किलोमीटरवर, सूर्याच्या दिशेला, सौरवात, म्हणजे सूर्याकडून सतत येणारा विद्युतभारित कणांचा झोत, मोजणारी याने आहेत. सौरवाताचा वेग आणि त्यातल्या चुंबकीय क्षेत्राची दिशा ती सांगतात. ते क्षेत्र दक्षिणेकडे वळलेले असेल तर पृथ्वीच्या चुंबकीय कवचात ऊर्जा शिरणे सोपे होते. पण ही बातमी मिळते ती फार तर तासभर आधी, कारण सेकंदाला 400 किलोमीटर वेगाने येणाऱ्या सौरवाताला तिथून इथे पोहोचायला तेवढाच वेळ लागतो. त्यामुळे आठवडाभर आधीचे ऑरोराचे भाकीत कोणत्याही ॲपने दिले, तरी ते ढोबळच असणार. याच्या जोडीला ट्रोम्सोच्या विद्यापीठाच्या चुंबकमापकांचा आलेख प्रत्यक्ष त्या क्षणी डोक्यावर काय चालले आहे ते दाखवतो. हे सारे कुणालाही विनामूल्य पाहता येते, हे आपले म्हणणे बरोबर आहे. आपण ते वाचायला शिकलात तर मला आनंदच होईल.

खरी अडचण सूर्याची नाहीच, ती ढगांची आहे. ऑरोरा जमिनीपासून साधारण 100 किलोमीटर उंचीवर आणि त्याच्याही वर असतो, ढग फार तर दहा-बारा किलोमीटरपर्यंत. मध्ये ढग आला की कितीही मोठे चुंबकीय वादळ असले तरी काही दिसत नाही. ट्रोम्सो हे बेटावरचे शहर आहे. उबदार सागरी प्रवाहामुळे त्याचा हिवाळा त्या अक्षांशाच्या मानाने सौम्य असतो, पण त्याच समुद्रावरून येणारे पश्चिमेचे वारे किनाऱ्यावर ढग आणि बर्फ आणतात. हे वारे ट्रोम्सोच्या पूर्वेला असलेल्या लिंगेनच्या डोंगररांगेवर अडतात आणि पलीकडची शीबोत्नची दरी कोरडी राहते. त्याच रस्त्याने पुढे फिनलंडमधल्या किल्पिसयार्वीकडे गेले की आकाश अनेकदा मोकळे मिळते. स्वीडनमधल्या अबिस्कोची ख्यातीही डोंगरांच्या अशाच आडोशामुळे आहे. मात्र वारा आग्नेयेकडून असला तर चित्र उलटे होऊ शकते : आतला प्रदेश झाकलेला आणि समुद्राकडची क्वालोया किंवा सोमारोय या बेटांची बाजू मोकळी. संध्याकाळी सहा वाजता पूर्वेला वळायचे की पश्चिमेला, हे ठरवण्यात चूक झाली तर दीड-दोन तासांचा रस्ता वाया जातो आणि परत फिरेपर्यंत रात्रीचा उत्तम भाग संपतो.

एका रात्रीचा प्रसंग सांगतो, म्हणजे ‘गाईडला काय कळते’ या प्रश्नाचे उत्तर नेमके देता येईल. शहरात हलका बर्फ पडत होता. आमच्या गाईडनी उपग्रहाची चित्रे आणि रस्ते विभागाच्या कॅमेऱ्यांची दृश्ये पाहून ई८ रस्त्याने शीबोत्नच्या पुढे जायचे ठरवले. दरीत एका थांब्यावर त्यांनी इंजिन आणि आतलेबाहेरचे सगळे दिवे बंद केले, खाली उतरून डोळे सरावेपर्यंत ते शांत उभे राहिले आणि मग कृत्तिकांकडे पाहू लागले. आम्हाला आकाश स्वच्छ वाटत होते. मृग दिसत होता, सप्तर्षी दिसत होते. गाईड म्हणाले, कृत्तिकांचे तारे सुटे दिसत नाहीत, पुंजका पुसल्यासारखा वाटतो, म्हणजे वर पातळ ढगाचा थर आहे आणि तो आपल्या मागून सरकत येतो आहे. आम्ही आणखी पुढे गेलो. तिथे कृत्तिका टोचल्यासारख्या स्पष्ट दिसल्या आणि उत्तरेला क्षितिजालगत एक फिकट, राखी कमान होती, जिला मी एकटा असतो तर ढग समजून सोडून दिले असते.

ती कमान तासाहून अधिक वेळ जवळजवळ हलली नाही. दुसरा निर्णय, म्हणजे किती थांबायचे, इथे महत्त्वाचा ठरतो. पृथ्वीच्या रात्रीच्या बाजूला चुंबकीय कवचाची लांब शेपटी असते. तिच्यात आधी ऊर्जा साठत जाते, तेव्हा आकाशात शांत कमानी दिसतात. मग ती अचानक मोकळी होते आणि काही मिनिटांत कमान उजळते, दुमडते, डोक्यावरपर्यंत पसरते. त्यानंतर सारे पुन्हा मंदावते. ऑरोराच्या या चक्राची मांडणी शास्त्रज्ञ स्युन-इची अकासोफू यांनी 1964 मध्ये केली. असे एक चक्र पुरे व्हायला साधारण दोन-तीन तास लागू शकतात. शांत कमान पाहून ‘झाला ऑरोरा पाहून’ म्हणत निघणाऱ्याने तयारी पाहिलेली असते, मुख्य भाग पाहिलेला नसतो. त्या रात्री आमच्या समोर कमानीची खालची कड पूर्वेकडून झगझगीत झाली, तिला गुलाबी किनार आली आणि पडद्याच्या चुण्या पश्चिमेकडे धावत गेल्या. आमच्यापैकी कुणीही त्या वेळी मोबाईल हातात घेतला नाही.

आता बसविषयी. मोठ्या बसमधले गाईडही अनुभवी असतात आणि तेही ढगांपासून दूर नेतात; बसने जाऊन उत्तम ऑरोरा पाहिलेले कितीतरी लोक आहेत. फरक असा की पन्नास जणांची बस प्रत्येक अरुंद थांब्यावर उभी करता येत नाही, चालकाच्या कामाच्या तासांना कायद्याची मर्यादा असते, आणि थंडीने कुडकुडणारे दहा जण परत जायचे म्हणू लागले की उरलेल्यांची इच्छा मागे पडते. छोट्या व्हॅनचा गट हा मधला मार्ग आहे, आणि दोघे-तिघे तरुण, धडधाकट प्रवासी असतील तर मी त्यांना तोच सुचवतो. आकाश शहरावरच निरभ्र असेल तर त्या रात्री कुणालाही पैसे देऊ नयेत. प्रेस्टवान्नेत तळ्याकाठी किंवा टेलेग्राफबुक्ताच्या किनाऱ्यावर चालत किंवा शहर बसने जावे आणि गरम कपडे घालून वाट पाहावी. खासगी सहलीचा खर्च बसच्या तिकिटाच्या कित्येक पट असतो, तो सर्वांनी करावा असे माझे म्हणणे कधीच नव्हते.

रंगाविषयीचा आपला आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात अर्धे सत्य आहे आणि त्यामुळेच लोक निराश होतात. मंद प्रकाशात आपल्या डोळ्यांतल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग ओळखता येत नाही, म्हणून फिकट ऑरोरा राखी-पांढराच दिसतो, आणि कॅमेरा मात्र काही सेकंद प्रकाश साठवून त्याला हिरवा दाखवतो. पण तो हिरवा कॅमेऱ्याने तयार केलेला नसतो. साधारण 100 ते 150 किलोमीटर उंचीवरच्या ऑक्सिजनच्या अणूंमधून तो खरोखरच बाहेर पडत असतो. ऑरोरा पुरेसा तेजस्वी झाला की डोळ्यांनाही तो स्वच्छ हिरवा दिसतो, आणि खालच्या कडेची नायट्रोजनची गुलाबी छटाही दिसते. उलट, लाटेसारखी ती जलद हालचाल डोळ्यांनाच दिसते, दहा सेकंदांच्या छायाचित्रात तिचा नुसता धुरकट पट्टा उरतो. फिकट ऑरोरा आणि मोठे छायाचित्र यांची तुलना करून फसवणूक झाली असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. जाहिरातींमध्ये मात्र रंग भडक केलेले असतात, आणि त्याबद्दलची आपली चीड मला पूर्णपणे पटते.

आता आपल्या फेब्रुवारीच्या बेताविषयी, कळकळीने. स्वतः गाडी चालवण्याचा बेत आपण बदलावा. ट्रोम्सो परिसरातले रस्ते उत्तम ठेवलेले असतात, पण रात्री काळ्या डांबरावर न दिसणारा बर्फाचा थर, आडवे उडणारे हिमकण आणि अचानक समोर येणारी रेनडियर, या सगळ्यांत नवख्या माणसाने एकाच वेळी रस्ता, आकाश आणि मोबाईलवरचा आलेख पाहायचा म्हणजे अपघाताला आमंत्रण आहे. ऑरोरा दिसला की उत्साहाच्या भरात रस्त्याच्या कडेलाच गाडी थांबवून दिवे बंद करणारे पर्यटक स्वतःचा आणि मागून येणाऱ्यांचा जीव धोक्यात घालतात. शिवाय आतल्या दरीत तापमान उणे वीसच्या खाली जाऊ शकते, आणि आईवडिलांना तिथे दोन तास उभे करता येणार नाही. गरम गाडीत बसून राहायचे, आकाश हलू लागले की गाईडनी हाक मारायची आणि पंधरा मिनिटे बाहेर येऊन पुन्हा आत जायचे, ही सोय त्यांच्या वयाला आवश्यक आहे आणि ती खासगी गाडीतच मिळते. ज्या कुटुंबासाठी मी मूळ लेख लिहिला होता, ते नेमके आपल्यासारखेच कुटुंब होते.

ठरवण्यापूर्वी काही गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात. नॉर्वेत पैसे घेऊन प्रवासी नेण्यासाठी व्यावसायिक वाहतूक परवाना लागतो. तो आहे का, हे विचारायला संकोच करू नये, आणि उत्तर टाळले गेले तर दुसरीकडे जावे. गरज पडल्यास फिनलंडपर्यंत नेतील का, अंतराची किंवा तासांची मर्यादा काय, उबदार बाहेरचे कपडे आणि बूट दरात धरले आहेत का, हेही विचारावे. सीमेवर सहसा तपासणी होत नाही, तरी पासपोर्ट सर्वांच्या खिशात असू द्यावेत. तीनही रात्री खासगी गाडी घेण्याची गरज नाही. आपण जाणार त्या दिवसांत पौर्णिमा असली तरी घाबरू नये. चंद्रप्रकाशात फिकट ऑरोरा हरवतो, पण तेजस्वी ऑरोरा दिसतोच आणि बर्फाच्छादित डोंगरही उजळून निघतात. पहिली रात्र प्रवासाच्या थकव्याची असते, म्हणून ती शहरातच काढावी. खासगी सहल दुसऱ्या रात्रीसाठी ठरवावी आणि ढगांचा अंदाज वाईट निघाल्यास ती तिसऱ्या रात्रीवर ढकलता येईल का, हे पैसे भरण्यापूर्वीच पक्के करून घ्यावे. फेब्रुवारी हा तिथला गर्दीचा महिना आहे, आणि तारीख बदलून देण्याची तयारी असलेल्या गाईडच्या तारखा आधी भरतात, म्हणून ही चौकशी आपण याच आठवड्यात सुरू करावी असे मी सुचवेन.