पिल्लूसुद्धा ‘नको’ म्हणतं

एप्रिलमध्ये मुलांच्या परीक्षा संपल्या की ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा मेसेज येतोच. ‘मुलं फार मागे लागलीत गं, कुत्र्याचं एखादं पिल्लू आणावं म्हणतोय. तुमच्याकडे आहे ना, कसं जमवता?’ आणि पाठोपाठ ठरलेलं वाक्य, ‘तेवढीच मुलांना जबाबदारीची सवय लागेल.’ आज या दुसऱ्या वाक्याबद्दल मनापासून लिहायचंय. पोस्ट लांबणार आहे, पण घरात लहान मुलं असतील आणि पिल्लाचा विचार चालू असेल तर कृपया शेवटपर्यंत वाचा.

पिल्लाची जबाबदारी मुलांवर टाकता येत नाही. दुसरी-तिसरीतलं मूल स्वतःची पाण्याची बाटली शाळेत विसरून येतं. ते एका जिवाचं जेवण, शी-शू, लसी, आजारपण कसं सांभाळणार? आणि ते विसरलं की आपण ओरडणार, ‘तुलाच हवं होतं ना?’ या ओरडाआरडीत मुलाला पिल्लू नकोसं होतं आणि पिल्लाची आबाळ होते. कुत्रं दहा-बारा वर्षं, कधी पंधरा वर्षंही जगतं. आज केजीत असलेली मुलगी कॉलेजात जाईल तेव्हाही ते घरात असेल, आणि तेव्हाही त्याला डॉक्टरकडे आपणच नेणार असू. त्यामुळे जबाबदारी मोठ्यांची. ती घ्यायची नसेल तर मुलं कितीही रडली तरी पिल्लू आणू नका.

मग मुलांनी काय शिकायचं? माझ्या मते जबाबदारीपेक्षाही मोठी गोष्ट. समोरच्या जिवाला आत्ता आपण नको आहोत हे ओळखायचं आणि हात मागे घ्यायचा.

पिल्लू दिवसभर काही ना काही सांगत असतं. तोंड फिरवतं. समोर खायला काही नसताना जिभेने नाक चाटतं. झोप आलेली नसताना जांभई देतं. कान मागे पाडतं, शेपूट पोटाखाली घेतं. डोळ्याच्या कडेला पांढरं दिसायला लागतं. मग अंग आखडून एकदम गप्प उभं राहतं, आणि ही खूण सगळ्यात महत्त्वाची, कारण लोकांना वाटतं बघा कसं शहाण्यासारखं उभं आहे. त्यानंतर गुरगुर आणि त्यानंतर दात. बहुतेक घरांत शेवटच्या दोन गोष्टींकडेच लक्ष जातं आणि मग सगळ्यांना सांगितलं जातं, ‘काही नाही हो, अचानक चावलं.’

एक कळकळीची विनंती. गुरगुरल्याबद्दल पिल्लाला मारू नका, ओरडूही नका. गुरगुरणं ही त्याची शेवटची ताकीद असते. मार बसतो म्हणून ती ताकीद द्यायची त्याने सोडून दिली, तर पुढच्या वेळी थेट चावाच येईल. गुरगुर ऐकू आली की मुलाला शांतपणे बाजूला घ्यायचं आणि पिल्लाला काय खुपलं ते शोधायचं.

आमची कुत्री खारी आली तेव्हा धाकटी मुलगी सिनियर केजीत होती आणि थोरला तिसरीत. ती यायच्या आधीच आम्ही कापडी कुत्र्यावर तालीम सुरू केली होती. जमिनीवर मांडी घालून बसायचं. आपण पिल्लाकडे जायचं नाही, त्याला येऊ द्यायचं. आलं तर हात वरून डोक्यावर न्यायचा नाही, छातीवरून किंवा मानेच्या बाजूने फिरवायचा. मनात तीनपर्यंत मोजायचं आणि हात उचलायचा. पिल्लू आणखी जवळ सरकलं तर पुन्हा तीनपर्यंत. उठून गेलं तर जाऊ द्यायचं, मागे लागायचं नाही. उचलून घ्यायची तर मुलांना पूर्ण बंदी, कारण लहान मुलांच्या हातून पिल्लं पडतात आणि त्यांची हाडं अजून कोवळी असतात.

एका संध्याकाळी मी कणीक मळता मळता पाहत होते. खारी धाकटीच्या फ्रॉकची कड हुंगत तिच्या मांडीशी आली. धाकटीने ओठांतल्या ओठांत एक-दोन-तीन केलं आणि हात थांबवला. खारीने मान वळवली, नाक चाटलं. धाकटीने तो हात चटकन स्वतःच्या गुडघ्याखाली दाबून ठेवला आणि मला म्हणाली, ‘आई, तिला आता पुरे झालं.’ पाच वर्षांच्या मुलीला एवढं कळलं याचा मला किती आनंद झाला, ते सांगता येणार नाही. हीच मुलगी उद्या शाळेत एखाद्या मैत्रिणीचा उतरलेला चेहराही ओळखेल असं मला खरंच वाटतं.

मुलांना आणखी एक गोष्ट आवर्जून शिकवा. आरडाओरडा करत पळणाऱ्या पोरांच्या मागे पिल्लू धावणारच आणि पायांना, कपड्यांना तोंड घालणारच. त्यावर ‘स्टॅच्यू’चा खेळ फार कामाचा आहे. पिल्लू अंगावर आलं की मुलाने जागच्या जागी स्टॅच्यू व्हायचं, हात अंगाशी, नजर खाली, तोंडातून आवाज नाही. समोरचा हललाच नाही की पिल्लाची मजा जाते आणि ते निघून जातं. रस्त्यावरचं अनोळखी कुत्रं अंगावर आलं तरी हेच करायचं.

दातांचंही सांगते. पिल्लाला दुधाचे अठ्ठावीस दात असतात, सुईसारखे टोकदार. साधारण चौथ्या ते सहाव्या महिन्यापर्यंत ते पडून पक्के बेचाळीस येतात, आणि त्या काळात हिरड्या इतक्या सळसळतात की दिसेल ते चावलं जातं. चपला, चार्जरची वायर, शाळेच्या दप्तराचा पट्टा. जुना नॅपकिन भिजवून, पिळून, गाठ मारून फ्रीझरमध्ये ठेवा आणि चावायला द्या. थंडाव्याने बरं वाटतं. मुलांची खेळणी वर उचलून ठेवायची सवयही आपोआप लागते, कारण लेगोचा तुकडा पोटात गेला तर प्रकरण ऑपरेशनपर्यंत जाऊ शकतं.

आणि झोप! लहान पिल्लं दिवसातले अठरा-वीस तास झोपतात. मुलांना हे पटतच नाही. सोसायटीतली सगळी पोरं बघायला येतात, कुणी बारसं करायचं म्हणतं, कुणी फोटो काढतं. पहिला आठवडाभर हे सगळं थांबवा. वाईटपणा आला तरी घ्या. वन बीएचकेमध्ये पिल्लाला वेगळी खोली कुठून देणार, पण एक कोपरा तरी पूर्णपणे त्याचा हवा. आमच्याकडे दिवाणाखाली जुनी गोधडी घातली आहे. खारी दिवाणाखाली गेली की तिला कुणीही हाक मारायची नाही, हात लावायचा नाही, पाहुण्यांनीसुद्धा नाही. ती जेवत असतानाही तोच नियम. आणि मुलं व पिल्लू एका खोलीत असतील तर तिथे मोठं माणूस हवंच. मी भाजी टाकून येते एवढ्यापुरतंसुद्धा त्यांना एकटं सोडू नका. मूलही गुणी असेल आणि पिल्लूही, तरीसुद्धा नाही.

आता ज्यांना कुणी विचारत नाही त्यांच्याबद्दल. मुंबईतल्या घरात नवरा-बायको दोघं सकाळच्या लोकलने जातात, मुलं शाळेत जातात. मग दुपारी पिल्लाजवळ कोण असतं? आजी, नाहीतर घरकामाच्या ताई. म्हणजे मागणी मुलांची, हौस आपली आणि फरशी पुसायची त्यांनी. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी शूला न्यावं लागतं, झोपून उठलं की, जेवलं की, खेळून दमलं की. हे त्यांना आधी विचारलंय का? आमच्या सासूबाई सुरुवातीला नकोच म्हणत होत्या. देवघर आहे, सोवळंओवळं आहे, आणि गुडघे दुखतात म्हणून खाली वाकणं होत नाही. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. म्हणून आम्ही दुपारसाठी वेगळी सोय लागेपर्यंत थांबलो आणि देवघराच्या खोलीला लाकडी फाटक लावलं. मग त्या हो म्हणाल्या. तुमच्याकडच्या ताईंना कुत्र्याची भीती वाटत असेल तर त्यांची थट्टा करू नका. त्या असतील तेवढा वेळ पिल्लू दुसऱ्या खोलीत ठेवा. पिल्लाचं ‘नको’ ऐकायला मुलांना शिकवायचं आणि घरातल्या बाईमाणसाचं ‘नको’ हसण्यावारी न्यायचं, हे मला अजिबात पटत नाही.

महिना कुठला निवडता यालाही महत्त्व आहे. सगळे मे महिन्याच्या सुट्टीत पिल्लू आणतात. घर भरलेलं, मुलं दिवसभर त्याच्याभोवती. मग जूनच्या मध्यावर शाळा उघडते, त्याच सुमारास पाऊस लागतो आणि पिल्लू अचानक एकटं पडतं. दिवसभर रडतं, शेजारी तक्रार करतात. सुट्टीत आणायचंच असेल तर पहिल्या दिवसापासून त्याला रोज थोडा थोडा वेळ एकटं राहायची सवय लावा.

पावसाची दुसरी बाजू जास्त गंभीर आहे. पिल्लाच्या लसी सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून सुरू होतात आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. तोवर त्याला पार्व्होचा, म्हणजे पिल्लांच्या जिवावर बेतणाऱ्या उलट्या-जुलाबांच्या आजाराचा, धोका असतो, आणि पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो. साचलेल्या पाण्यातून, उंदरांच्या लघवीतून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, होतो, कुत्र्यांनाही आणि माणसांनाही. लेप्टो झालेल्या कुत्र्याच्या लघवीतून तो घरच्यांनाही होऊ शकतो, आणि आपली मुलं त्याच फरशीवर बसतात. त्यामुळे लेप्टोची लस चुकवू नका आणि तुंबलेल्या पाण्यातून पिल्लाला चालवू नका. जंतांचं औषध पहिले तीन महिने दर दोन आठवड्यांनी, कारण पिल्लाच्या पोटातले जंत मुलांच्या पोटात जाऊ शकतात. पिल्लाशी खेळून झालं की साबणाने हात धुवायचे, मगच बिस्किटाला हात. आणि लाडाने काहीही भरवायचं नाही. चॉकलेट, कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे हे कुत्र्यांना विषारी आहे. शिऱ्यातला, लाडवातला बेदाणासुद्धा. आजी-आजोबांना हे प्रेमाने आणि पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रेबीजची लस पिल्लाला साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर मिळते. त्याआधी त्याने ओरबाडलं किंवा त्याचा दात लागला तर ‘घरचंच आहे, लहान आहे’ म्हणून सोडून देऊ नका. जखम वाहत्या नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट यातलं काही लावायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टरकडे. महापालिकेच्या रुग्णालयांत माणसांना द्यायची रेबीजची लस मोफत मिळते. पूर्वीसारखी पोटात चौदा इंजेक्शनं आता नसतात, दंडात चार-पाच डोस असतात. लक्षणं दिसायला लागल्यावर रेबीजवर उपाय नाही, म्हणून इथे चालढकल नको.

आणि मुलं हे ओरखडे लपवतात. आईबाबा पिल्लाला परत देतील या भीतीने बाही खाली ओढून बसतात. म्हणून पिल्लू घरात येण्याआधी मुलांना शब्द द्या. काहीही झालं तरी आम्हाला सांगायचं, तुला कुणी रागावणार नाही आणि पिल्लालाही घालवणार नाही. हा शब्द पाळायची तयारी हवी. पाळलेलं जनावर सोडून देणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, पण कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. गच्चीवरून, गॅरेजमधून, टोलनाक्याजवळून उचलून आणलेली पाळीव कुत्री मी पाहिली आहेत. त्यांच्या गळ्यात पट्टा तसाच असतो.

सोसायटीबद्दल फार लिहीत नाही. पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्टही बंद करता येत नाही, हे ॲनिमल वेल्फेअर बोर्डाने २०१५ मध्येच स्पष्ट केलंय. पण आपणही महापालिकेचं लायसन काढायचं, शी उचलायची आणि लिफ्टमध्ये कुणी घाबरत असेल तर पुढच्या लिफ्टने जायचं.

कुठून आणायचं, तर माझं मत पक्कं आहे, दत्तक घ्या. आपली गावठी पिल्लं या हवेला सरावलेली असतात. दाट केसांची, थंड प्रदेशातली जात मे महिन्यात दहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ठेवणं मला क्रूर वाटतं. परळचं बैलघोडा हॉस्पिटल तर एकोणिसाव्या शतकापासून मुंबईची जनावरं सांभाळतंय. वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ससारख्या संस्थाही १९८५पासून इथे काम करतात. त्यांच्याकडे चौकशी करा. विकत घेणारच असाल तर एवढं पाहा की पिल्लू आठ आठवड्यांचं झालंय. त्याआधी विकायला कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या २०१७च्या नियमांनी मनाई आहे, आणि त्याला कारण आहे. जोरात चावलं की समोरच्याला दुखतं, हे पिल्लू या आठवड्यांत आई-भावंडांशी खेळताना शिकतं. पाचव्या आठवड्यात तोडून आणलेल्या पिल्लाला ते मग तुमच्या मुलांच्या हातांवर शिकावं लागतं.

आमच्या मागच्या गल्लीतल्या कुत्रीला चार पिल्लं झाली आहेत, मुलुंड पूर्वेला. दोन काळी, एक पांढऱ्या पायांची आणि एक खारीच्याच रंगाची. आई प्रेमळ आहे, ती अजून पाजते आहे, त्यामुळे महिनाअखेरपर्यंत कुणालाही देणार नाही. ज्यांना खरंच हवंय त्यांनी इनबॉक्स करावा. बघायला येताना मुलांना आणा, आजीला आणा आणि दुपारी घरी जे कोणी असतं त्यांनाही आणा. लसींचा पहिला डोस आम्ही करून देऊ, आणि आईची नसबंदीही करून घेणार आहोत. जोडीने दोन नेणार असाल तर मात्र मी नाही म्हणेन. लहान मुलांच्या घरात एका वेळी एकच.