कांदा पुरू नका

"तीन फूट खड्डा घ्या, तळाला पेंढा घाला, कांदा-बटाटा-गाजर भरून वर माती ओढा. फ्रिजशिवाय हिवाळाभर ताजं! लडाखमध्ये हेच करतात, आपल्या पूर्वजांची पेवंही (धान्य साठवायचे जमिनीखालचे खड्डे) अशीच होती." हा मेसेज आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या निफाडकडच्या ग्रुपांवर फिरतोय. शेजाऱ्यांनी खड्डा घेतलाही, म्हणून लिहितोय.

लडाखचं खरं आहे. पण लेहला जानेवारीत रात्री पारा उणे १० च्या खाली जातो. उघड्यावरचा बटाटा गोठून जाईल. तिथला खड्डा गोठण्यापासून वाचवायला असतो. जितकं खोल जावं तितकं मातीचं तापमान त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरीकडे सरकतं, आणि नाशिकची सरासरी २४-२५ अंशांच्या घरात आहे. निफाडला पहाटे ५ अंश असले तरी तीन फुटांखालच्या मातीला त्या पहाटेचा पत्ता नसतो. गाजराला तर शून्याजवळची थंडी लागते.

कांद्याबाबत हा सल्ला थेट उलटा आहे. कांद्याला कोरडी, खेळती हवा हवी. म्हणून तर कांदा साठवायची चाळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेली असते, खालून वारा शिरतो. सावलीत नीट सुकवून भरलेला उन्हाळ कांदा तिथे २५-३० अंशांतही चार-पाच महिने निघतो. काळ्या मातीत पुरला की ओल धरतो, सडतो, कोंब फुटतात. शिवाय हिवाळ्यात हाती येतो तो पोळ (खरिपाचा) नि रांगडा (उशिरा खरिपाचा) कांदा. तो साठवणीचा मालच नव्हे. आपली साठवण एप्रिलनंतरची, उन्हाळ कांद्याची.

पेवात वाळलेली ज्वारी भरत. तोंड बंद झालं की आतला प्राणवायू संपत जातो आणि किडे मरतात. भाजीत ८०-९० टक्के पाणी असतं, तीच कोंडलेली हवा तिला सडवते. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, हे जुनी माणसं बजावून सांगत, कारण साठलेल्या कार्बन डायऑक्साइडने माणूस गुदमरून मरतो. मेसेजात याचा एक शब्द नाही. मला सगळ्यात राग याचाच येतो.

विजेशिवाय भाजी ठेवायचीच असेल तर शून्य ऊर्जा शीतकक्ष बांधा: विटांच्या दोन भिंती, मधे साडेसात सेंटीमीटर वाळू, वर सावली, सकाळ-संध्याकाळ वाळूवर पाणी. कोरड्या हवेत टोमॅटो, मेथी काही दिवस जास्त टिकतात; महिने नाही. कांदा मात्र त्यातही नको.

ज्यांनी पुरलाय त्यांनी आजच बाहेर काढा, सावलीत पातळ पसरा आणि मऊ पडलेला आधी वेगळा करा.